उंबऱ्यावरची हजेरी

गया, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाले घर माणसांनी भरून गेलं. शांतानं तुझा फोटो पाटावर ठेवला, तिच्या लग्नातला. त्यात अर्धी तू आहेस आन् अर्ध्यात आपली विहीणबाई. पोरीनं हार असा टाकला की विहीणबाई झाकली जावी आन् तू एकटीच दिसावी. मग मेणबत्ती लावली, अगरबत्तीचा अख्खा पुडा एकदम पेटवला. वंदना सुरू झाली आन् माझ्या डोळ्याले धार लागली. बाया एकमेकींले म्हणाल्या, म्हातारा आत्ता कुठं मोकळा झाला. डेरीतला रशीदभाई बाजूले बसला होता. धुरानं त्याले ठसका लागला. कानाशी येऊन म्हणे, "दादा, तुमचं बरं हाये. एवढ्या धुरात बी दगडावानी बसले."

पण गया, मले वास येऊन राह्यला होता. अगरबत्तीचा, मेणाचा, बायांच्या डोक्याच्या तेलाचा, दारातल्या शेणसड्याचा. माझं नाक परत आलं आहे हे त्या घरात कोणालेच ठाऊक नव्हतं. शांताले नाही, रशीदभाईले नाही. तुले होतं का नव्हतं, हे मले अजून समजलं नाही. रडू त्याचं आलं.

त्याच्यापायीच हे लिहून राह्यलो. मी चौथी शिकलेला माणूस, माझं लिहिणं-वाचणं मशीनच्या पाट्यांपुरतं. चुकलं तर हसजो.

तू आमची डेरी कधी आतून पाह्यली नाही. वाशीम रोडले पत्र्याचं छप्पर, पुढं ओटा, मागं पाण्याचा हौद, हौदावर फवारे. बाहेरून एवढंच. मेडशीकडचं, इकडचं तिकडचं दूध सायकलीवर, बैलगाडीत डब्यांनी यायचं, आमी ते थंड करायचो आन् टँकर ते अकोल्याले घेऊन जायचा. लोक त्याले थंडी डेरी म्हणत. म्हाताऱ्या बाया म्हणत, दुधाले हिव भरवतेत तिथं.

आत तुले काय दिसलं असतं ते सांगतो. पहिले आवाज. कॉम्प्रेसर चालू असला की जमीन थोडी थोडी हालते, आन् थोड्या दिवसांनी माणूसही तसाच हालायले लागते. मग थंडी. बर्फाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं की पांढरं धुकं वर येते, हातावर येते, पायाशी उतरते. भर उन्हाळ्यात त्या धुक्यात उभं राह्यलं की वाटे, आपण मालेगावात नाही, कुठं तरी वर डोंगरात आहो. मग पत्र्यांचं यंत्र. पातळ पातळ पत्रे पोथीच्या पानांसारखे एकाले एक लावलेले, मधी रबराच्या पट्ट्या. एका पानातून दूध जाते, शेजारच्या पानातून ते बर्फाचं पाणी. दूध पाण्याले शिवत नाही आन् तरी थंड होऊन बाहेर पडते. मी कितीदा पाह्यलं, तरी मले ते नवलच वाटे.

हे सगळं धुणं माझ्याकडं होतं. मशीन चालवणं रशीदभाईचं, धुणं माझं. दोन वेळा दूध, दोन वेळा धुणं. आठ दिवसांनी हौदातलं शेवाळ खरडायचं, फवाऱ्यांची भोकं तारेनं मोकळी करायची. आन् होळी झाली, दूध आटलं की एक दिवस दुपारभर मशीन थांबवून कंडेन्सर, ज्याच्या नळ्यांत हौदाचं पाणी फिरते ते पिंप, उघडायचं. आपल्याकडच्या विहिरीचं पाणी खारं. त्याचा खार नळ्यांत बसते, जसा तुझ्या न्हाणीतल्या हंड्यात बसे तसा. तो काढला नाही तर मशीन तापते आन् दूध काही थंड होत नाही.

मी नवा होतो तेव्हा पत्रे धुवायचो आन् तरी त्याच्यावर पिवळी पिवळी साय राहे. साहेब बोलले. मी घरी येऊन जेवलोच नाही, पाट उलटा करून बसलो. तू दुधाचं पातेलं घासून राह्यली होती. न वळताच म्हणाली, "गरम पानी आंधी टाकत असान तुमी."

"उकळतं टाकतो. कडक."

"मंग भाजते ना दूध. चिटकूनच बसंन. आंधी गार पानी मारा, मंग कोमट, सोडा, मंग करा काय गरम करायचं थे."

"ते पातेलं हाये का तुह्यासारखं? मशीन हाये मशीन. बाहेरदेशातून आली."

"दुधाले काय मालूम," तू म्हणाली, "पातेलं हाये का मशीन."

दुसऱ्या दिवशी मी आधी गार पाणी मारलं. पत्रे आरशासारखे निघाले. साहेबांनी पाठ थोपटली. घरी येऊन मी तुले काही सांगितलं नाही आन् तूही काही विचारलं नाही. फक्त त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा होता.

माझं नाक गेलं तो दिवस तुले माझ्याहून जास्त याद होता. मले एवढंच आठवते, दुपार होती, रशीदभाई नमाजाले गेला होता, आन् कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी जे पॅकिंग असते ते फुटलं, अमोनिया गॅस सुटला. सगळं पांढरं झालं. मी ओला पंचा तोंडाले बांधून आत शिरलो आन् हातानं चाचपत गॅसचं चक्र बंद केलं. डोळे मिटलेले होते. आतल्या आत वाटून राह्यलं होतं का आपण टाकीच्या धुक्यात आहो, आन् कोनी तरी आपल्याले हळूहळू नाकातून बाहेर ओढून राह्यलं. बस. बाहेर आलो, पाण्यानं डोळे धुतले, संध्याकाळचं दूधही घेतलं. घरी आलो तर तू मिरचीची फोडणी देऊन राह्यली होती. शांता खोकलत अंगणात पळाली. मी तिथंच चुलीपाशी उभा राहून नुसता पाहत होतो. तू माझ्या तोंडाकडं पाह्यलं आन् तवा खाली उतरवला.

डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल. आलं नाही. रोज थोडा थोडा गॅस तर लागतच होता, पॅकिंग बदलताना, मशीनचं तेल काढताना. त्याले परत यायले फुरसद कुठं होती.

मग तू माझं नाक झाली.

तुझं नाक तर आख्ख्या मोहल्ल्यात नावाजलेलं. कोणाची डाळ लागली, कोणाच्या गाईनं कडूलिंब खाल्ला, तुले घरात बसून समजे. मी संध्याकाळी घरी आलो की तू उंबऱ्यावर हात आडवा करायची. "थांबा." मग माझ्या खांद्याशी येऊन एकदा वास घ्यायची, एकदा कॉलरीचा, एकदा हाताचा. याले तू हजेरी म्हणायची. "आज तेल काढलं." "आज हौद घासला, शेवाळ हाये." आन् कधी कधी तोंड वाकडं करून, "आज गास सुटून राह्यला कुठं तरी. जा पाह्यजा." मी पाय न धुता परत फिरायचो. रशीदभाई गंधकाची बत्ती घेऊन नळ्यानळ्यांशी फिरायचा. जिथं गॅस बारीक सुटलेला असते तिथं त्या बत्तीपाशी पांढरा धूर उठते. दरवेळी उठायचा. रशीदभाई कपाळाले हात लावे. म्हणे, "दादा, भाभीले डेरीत आणून बसवा. ये बत्ती-फित्ती काय कामाची नाही."

एकदा तू म्हणाली, "दूध राह्यलं पत्र्यात." मी चिडलो. मी म्हटलं, माझ्या हातानं धुतलं, एक थेंब नाही. तू म्हणाली, "आंबूस येते. जा." मी गेलो, सगळे पत्रे परत उकलले, आन् एका रबराच्या पट्टीखाली नखाएवढं दही निघालं. ते धुऊन घरी आलो तर तू झोपून गेली होती. भाकर झाकून ठेवली होती.

त्या गंधकाच्या बत्तीवर तुझा भरोसा नव्हता. मी एक तुकडा घरी आणला. कामाचं फडकं, त्यात गॅसचा वास मुरलेला, ते अंगणात दोरीवर टाकलं आन् त्याच्याखाली बत्ती धरली. फडक्याच्या कडेनं पांढरा धूर उभा राह्यला, धाग्यासारखा. तू पदर धरून पाहत होती. मग एवढी हसली का बसूनच गेली. म्हणे, "अहो, वास काय डोयानं पाहाची चीज हाये?"

"आमच्या इथं पाह्यतेत."

"मंग बरं हाये. नाक गेलं तं गेलं. डोये हायेत."

पण हसणं संपलं की तुझं दुसरं सुरू व्हायचं. सोडा ते काम. नाक गेलं, उद्या डोये जातीन. मी म्हणायचो, सोडून काय करू, कापसाच्या जिनात सरकी उचलू? तू म्हणायची उचला. मी म्हणायचो, माझं नाक तू हाये ना, मग मले काय धाक. या वाक्यावर तू गप व्हायची. मले वाटे मी जिंकलो. आता वाटते, तू गप का व्हायची ते मी कधी विचारलंच नाही.

मग तूच पडली. तुझ्या आजाराचं नाव मी लिहीत नाही. डॉक्टरले सांगायची वेळ आली तेव्हा ते तू शांताच्या तोंडून सांगितलं आन् स्वतः भिंतीकडं तोंड करून बसली. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं आन् मले बाजूले बोलावून म्हणाले, आजोबा, घरीच घेऊन जा, सुखात ठेवा. एस.टी.त तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. उठून म्हणाली, "हजेरी घेऊन राह्यली व्हती. दोन दिस झाले डेरीत गेले नाही तुमी. कायचाच वास येत नाही."

मी डेरी सोडली. तू भांडली. "इतके वर्स कानीकपायी वरडली तवा आयकलं नाही. आता काहून सोडली? मी मराले लागली म्हून?" मी म्हटलं हो. तू म्हणाली, "माह्यासाठी नका सोडू. तुमच्यासाठी सोडाले पायजे व्हती." हे भांडण आपलं तिथंच राह्यलं, गया.

तुझं सगळं पहिले शांता करे. ती धनजहून सासर सोडून आली होती बिचारी, कामाले हलगर्जी नाही तिची. पण एक दिवस तुझी कापडं बदलता बदलता तिचा हात पदराशी गेला आन् पदर नाकाशी. तिले समजलंही नाही. तुले समजलं. तू तिले म्हणाली, "जाय पोरी, चहा ठेव." ती गेली, तशी मले आवाज दिला. मी आत आलो. तू वर पाह्यलं नाही.

"आजपासून तुमीच करा माहं. तुमाले नाक नाही."

ते तू सहज बोलल्यासारखं बोलली. पण त्या दिवसानंतर तू कोणालेच जवळ येऊ दिलं नाही. शेजारीण आली तर तिले दारातच उभी ठेवून बोलायची. नर्सबाई आली तर तिले म्हणायची, सुई द्या आन् जा, बाकीचं हे करतीन. जन्मभर दुसऱ्याचा वास ओळखणारी तू. तुले तुझा वास येत होता. त्याच्यापुढं ते दुखणं काहीच नव्हतं तुले, हे मी पाह्यलं.

म्हणून मी केलं. मले धुण्याशिवाय दुसरं येते काय? शांतानं कापडं गरम पाण्यात घातली होती, डाग बसले होते. मी म्हटलं, बाई, आधी गार पाणी, मग कोमट, सोडा, मग गरम. तू खाटेवरून ऐकत होती. म्हणाली, "आली काय अक्कल." तुले पुसताना मी हात तसाच चालवायचो जसा पत्र्यावर, वरून खाली, कड सोडायची नाही. तू म्हणायची, "माही बी पट्टी उकलून पाह्यता काय?" आन् हसायची. हसताना दुखे तुले, तरी हसायची. लोक म्हणतात म्हाताऱ्यानं लय सेवा केली. मी कायची सेवा केली. त्या दिवसांत आपण जेवढं बोललो तेवढं शांता झाल्यापासून बोललो नव्हतो.

आन् मग नाक परत आलं.

डेरी सोडून काही महिने झाले होते. दुपारची वेळ, शेजारच्या अंगणात तुराट्या जळत होत्या. मले वाटलं लहानपणचं काही आठवून राह्यलं. मग समजलं, आठवत नाही, वास येऊन राह्यला. धुराचा. मी दारात उभा राहून पोटभर घेतला तो. काय खुशी झाली होती गया, मी तुले सांगायले पळतच आत आलो, आन् तुझ्या खाटेपाशी आलो, आन् थांबलो.

तो वास वाईट होता. खोटं काहून लिहू. पत्र्याखालचं दही मले बरं वाटलं असतं. तू डोळे मिटून पडली होती, म्हणाली, "काय झालं? काहून पळत आले?"

मी म्हटलं, "काही नाही. कुत्रं शिरलं होतं."

त्या दिवसापासून मी तुले फसवलं म्हण, का काय म्हणायचं ते म्हण. मी तोंडावर सुरकुती येऊ दिली नाही. तोंडानं श्वास घेतला असता तर सोपं झालं असतं, पण तुले ते दिसलं असतं, तू हुशार. म्हणून नाकानंच घेतला, सावकाश, जसा माणूस झोपेत घेते. दोन-चार दिवस जड गेलं. मग त्याच्याखाली मले तुझा जुना वास सापडला. करडीच्या तेलाचा, राखेचा, त्या कुंकवाच्या डबीचा जी तू लुगड्यात ठेवायची. तेवढा धरून बसायचो. मले भेव एकाच गोष्टीचं होतं. तुले समजलं तर तू मलेही दारातूनच बोलशील. मग तुले धुईल कोण, आन् मी बसू कुठं?

तू अधीमधी चाचपायची. "शेजारी काय शिजून राह्यलं आज?" मी म्हणायचो, "मले काय मालूम." मेथी असायची. "उदबत्ती लावली काय?" मी वळून पाहायचो, डोळ्यानं पाह्यल्यासारखं करायचो, मग म्हणायचो, हो, लावली. मले वाटे आपण लय पक्के आहो.

आन् मग ती भाकर.

शांता दळण आणाले गेली होती. मी तव्यावर भाकर टाकली आन् तोपर्यंत तुझे पाय धुऊन घ्यावे म्हणून आत आलो. एक पाय धुऊन झाला, दुसरा धरला, आन् भाकर लागली. मी उठलो. काही विचार न करता उठलो, गया. चुलीपाशी गेलो, भाकर उलथली, काळी झाली होती, परत येऊन बसलो. तू माझ्याकडंच पाहत होती.

"भाकर जयली?"

"थोडी."

"कसं समजलं तुमाले?"

"धूर दिसला."

मधी भिंत आहे. चूल भिंतीच्या पलीकडं, दार तुझ्या पायथ्याकडं. माझी पाठ त्या दाराले होती. हे घर तू सारवलेलं आहे, त्याचा कोपरा न कोपरा तुले ठाऊक. बाहेर कोंबड्या माती उकरून राह्यल्या होत्या. मी पाण्याच्या तांब्याकडं पाहत बसलो. मग तू म्हणाली,

"धूर दिसला असंन. तुमी डेरीतले लोक. वास डोयानं पाह्यता."

आन् दुसरा पाय पुढं केला.

"धरा. हा राह्यला."

त्यानंतर तू मले शेजारी काय शिजते ते कधी विचारलं नाही. आन् मलेच आत येऊ देत राह्यली, शेवटच्या सकाळपर्यंत. त्या सकाळी मी पाणी कोमट करून आणलं, तू म्हणाली आज राहू द्या, बसा नुसते. मी बसलो. उजाडत होतं. तुझा श्वास मशीनसारखा नव्हता, मशीन थांबते तेव्हा एक धक्का बसते. तू थांबली ते मले बराच वेळ समजलं नाही. पाणी थंड झालं तेव्हा समजलं.

आता दुपारी डोळा लागला की मी डेरीत असतो. मशीन बंद, सगळीकडं टाकीचं धुकं, आन् त्यात तू लुगड्याचा काष्टा मारून नळ्यानळ्यांशी फिरत असते. हातात बत्ती नाही, कंदील नाही. वाकते, वास घेते, पुढं जाते. मी मागं मागं. विचारतो, कुठं सुटून राह्यलं? तू म्हणते, "हितं काही नाही. हितं बी काही नाही." धुक्यातून तुझा आवाज लांब लांब जाते. मी उठतो तेव्हा पाय खरंच गार पडलेले असतात.

काल रशीदभाई आला. म्हणे, "दादा, कंडेन्सर उघडून राह्यलो. नवा माणूस हाये, ब्रश अर्ध्यातूनच मागं ओढते. घरात बसून काय करता? चला." शांतानंही म्हटलं जा. गेलो. झाकणं काढली. तारेचा ब्रश लांब सळईले बांधून एकएका नळीत घातला, पार पलीकडं काढला. खार पिठासारखा गळत होता, पायाशी पांढरा ढीग झाला. नळी साफ झाली का नाही हे पाहायची आमची एकच रीत, एका तोंडाशी डोळा लावून पलीकडं पाहायचं. उजेडाचा पुरा गोल दिसला तर साफ. मी डोळा लावला. गोल दिसला, लांब, दिव्याएवढा. त्यात काही तरी हाललं. मले वाटलं पलीकडून तूही डोळा लावून आहे. नवा माणूसच होता तो. पण मी थोडा वेळ डोळा काढला नाही.

संध्याकाळच्या दुधाचं धुणंही मीच घेतलं. हात विसरले नव्हते. मग पायी पायी घरी आलो आन् उंबऱ्यापाशी येऊन थांबलो.

थांबलो ते थांबलोच. पाय उचलेना. आतून शांता म्हणाली, "बाबा, काहून उभे राह्यले? या ना आत."

कोनी हात आडवा केला नव्हता, गया. मी आपली कॉलर आपणच धरली आन् नाकाशी नेली. आधी तेल. मग खार, चुन्यासारखा. मग सोडा. आन् त्याच्याखाली, लय बारीक, आंबूस.

"पत्र्यात दूध राह्यलं," मी म्हटलं.

शांता दारात आली. माझ्या हातातल्या कॉलरीकडं पाह्यलं, मग माझ्या तोंडाकडं. "बाबा, तुमाले वास येते?"

"येते."

"कवापासून?"

तिचा हात पदराकडं चालला होता, तो मधीच थांबला. मग तिनं त्याच हातानं दाराची चौकट धरली आन् तिथंच उभी राह्यली. माझ्या जवाबाची वाट तिनं पाह्यली नाही. तिले समजलं. तुले समजलं होतं का, ते तिलेही सांगता येणार नाही.

"येतो धुऊन," मी म्हटलं. "सकाळपर्यंत नासंन."

परत फिरलो. रस्त्यानं कॉलर आणखी एकदा नाकाशी नेली. वास होताच. तू असती तर दारातूनच धाडलं असतं. रशीदभाई कुलूप लावून राह्यला होता, त्याले काढायले लावलं. पत्रे उकलले. शेवटाकडच्या एका पट्टीखाली नखाएवढं दही बसलं होतं. रशीदभाई पाह्यतच राह्यला. म्हणे, "ये कसं समजलं दादा? भाभी तं..." आन् तिथंच थांबला.

मी बादली उचलली. पहिले गार पाणी मारलं.